अर्ध्या लिआंगाचें कूपन

शांघाय शहरांत एके काळीं एक कागदी कूपन चालत असे. आकारानें तें टपालाच्या तिकिटाहून फारसें मोठें नव्हतें, आणि त्यावर वजन छापलेलें असे अर्धा लिआंग. लिआंग हें चिनी वजन. त्याचे ५० ग्रॅम होतात. तेव्हां अर्धा लिआंग म्हणजे अवघें २५ ग्रॅम धान्य, एक लहानशी पोळी लाटण्यापुरतें पीठ. सकाळीं कामावर निघालेल्या माणसाला न्याहारीसाठीं पिठाची एक लांबट तळलेली कांडी घ्यावयाची असली, तर दुकानदारापुढें नुसते पैसे टाकून भागत नसे. पैशांबरोबर हें कूपनही द्यावें लागे. ज्या देशांत पंचवीस ग्रॅम पिठालासुद्धां सरकारी शिक्का लागतो, तेथील संसार कसे चालत असतील? त्या व्यवस्थेनें कोणाला जगविलें आणि कोणाला उपाशी ठेविलें? या दोन प्रश्नांसंबंधीं आज आपणांशी थोडें बोलावें असें मनांत आहे.

शिधावाटप ही गोष्ट आपल्याला अपरिचित नाहीं. १९४३ सालच्या मे महिन्यांत मुंबई शहरांत धान्याचें नियंत्रित वाटप सुरू झालें, आणि तेव्हांपासून ‘रेशन’ हा शब्द मराठी घरांत आपल्या पायांनीं चालत आला व तेथेंच राहिला. परंतु तें शिधावाटप महायुद्धाचें अपत्य होतें. लढाई संपली कीं तें जाईल, अशी आशा धरून लोक रांगेंत उभे राहत. चीनमधील शिधावाटप मात्र लढाया थांबल्यावर, नव्या राजवटीच्या उभारणीच्या काळांत आलें आणि सुमारें चाळीस वर्षें टिकलें. ज्या मुलाचें नांव जन्मतः धान्याच्या पुस्तिकेंत चढलें, त्यानेंच पुढें बाप होऊन आपल्या मुलाचें नांव तशाच पुस्तिकेंत चढविलें. अशा व्यवस्थेला आपत्काल म्हणतां येत नाहीं. ती एक जीवनपद्धतीच होऊन बसते.

हें घडलें कसें? १९४९ सालीं चीनमध्यें कम्युनिस्ट राजवट स्थापन झाली. १९५३ सालीं पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. कारखाने उभे राहूं लागले आणि खेड्यांतील माणसें शहरांकडे लोटूं लागलीं. शहरांत खाणारीं तोंडें वाढलीं. पण जमिनीच्या वाटणीनंतर शेतकरी स्वतः थोडें अधिक पोटभर जेवूं लागला होता आणि उरलेलें धान्य चांगल्या भावाच्या आशेनें राखून ठेवीत होता. खासगी व्यापारीही खरेदीला उतरले. सरकारच्या कोठारांत येणाऱ्या धान्यापेक्षां बाहेर जाणारें धान्य अधिक, अशी स्थिति झाली. त्या वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत अर्थव्यवहाराची सूत्रें सांभाळणारे चेन युन यांनीं आपल्या सहकाऱ्यांपुढें ही अडचण मांडतांना एक मोठें बोलकें चित्र उभें केलें. आपल्या खांद्यावर एक कावड आहे आणि तिच्या दोन्ही टोकांना स्फोटक दारू बांधलेली आहे, असें त्यांनीं सांगितलें. धान्य मिळालें नाहीं तर बाजार कोसळणार. आणि सक्तीनें घेतलें तर शेतकरी खवळणार. दोहोंपैकीं कोणता स्फोट पत्करावयाचा, एवढाच प्रश्न होता.

सरकारनें सक्तीची वाट धरली. धान्याची खरेदी सरकारच करणार, ठरलेल्या भावानें करणार, आणि शहरांत विक्रीही सरकारच करणार, असा निर्णय झाला. खासगी धान्यबाजार जवळजवळ मिटला. लगोलग खाद्य तेलाचीही तीच गत झाली, आणि १९५४ च्या सप्टेंबरांत कापडावरही कूपनें आलीं. १९५५ च्या ऑगस्टमध्यें शहरांतील धान्यवाटपाचे सविस्तर नियम जाहीर झाले. चीनमधील सामान्य माणसाच्या दैनंदिन जीवनावर या नियमांइतका खोल ठसा क्वचितच दुसऱ्या एखाद्या कायद्यानें उमटविला असेल.

या नियमांनीं शहरांतील माणसांच्या नऊ प्रती पाडल्या. जिन हें चिनी वजन अर्ध्या किलोचें. तांदूळ खाणाऱ्या प्रांतांत अतिशय कष्टाचें काम करणाऱ्या मजुराला महिन्याला ४५ ते ५५ जिन; कचेरींत लेखणी चालविणाऱ्याला २४ ते २९; विद्यार्थ्याला २६ ते ३३; घरीं असणाऱ्या सामान्य नागरिकाला आणि दहा वर्षांवरील मुलाला २२ ते २६; आणि तीन वर्षांखालील बालकाला ५ ते १० जिन, असें मोजमाप ठरलें. गव्हाच्या आणि भरडधान्याच्या प्रदेशांत हे आंकडे थोडे अधिक होते. आपणांस वाटेल, महिन्याला बारा-तेरा किलो धान्य म्हणजे कांहीं उपासमार नव्हे. तें खरें आहे. पण ज्या ताटांत तेल अगदीं बेताचें, मांस क्वचित् आणि दुधाचें नांवच नाहीं, त्या ताटांतील माणूस धान्यावरच जगतो. पुष्कळ शहरांत तेलाचा वांटा दरडोई महिन्याला अर्धा जिन किंवा त्याहूनही कमी असे. एवढ्या तेलांत महिनाभर फोडण्या देऊन पाहिल्या म्हणजे त्या आंकड्याचा अर्थ कळेल.

प्रत्येक कुटुंबाला एक धान्यपुस्तिका मिळे आणि तीवर नेमून दिलेलें एकच दुकान असे. त्या दुकानांतील कारकून पुस्तिका तपासून, वजन करून, पत्र्याच्या घसरगुंडीवरून पीठ खालीं सोडी आणि गिऱ्हाईक खालीं पिशवीचें तोंड उघडून उभें राही. पिशवी नीट धरली नाहीं तर भुईवर सांडलेलें पीठ परत कोणी देणार नव्हतें. उत्तरेकडील शहरांत सगळा वांटा गव्हाच्या पिठांत किंवा तांदळांत मिळत नसे. कांहीं भाग ‘बारीक’ धान्य आणि उरलेला ‘जाडें’ धान्य, म्हणजे मका, ज्वारी आणि हंगामांत रताळीं, असें प्रमाण ठरलेलें असे. एक जिन धान्याच्या ऐवजीं चार-पांच जिन रताळीं मिळत. पोट भरण्याच्या दृष्टीनें हा सौदा बरा. म्हणून रताळीं आल्याची वार्ता लागतांच बायका पहाटेपासून दुकानापुढें उभ्या राहत. मक्याच्या पिठाचे उकडलेले शंकूच्या आकाराचे गोळे हें बीजिंगच्या गरीब आणि मध्यम घरांचें रोजचें अन्न होतें. गव्हाचें पांढरें पीठ पाहुण्यासाठीं, आजाऱ्यासाठीं आणि सणासाठीं जपून ठेवलेलें असे.

ही सारी तोंडमिळवणी अर्थातच गृहिणीच्या डोक्यांत चाले. महिन्याचे दिवस किती, घरांतील माणसें किती, कोणाचा वांटा किती आणि कोणाची भूक किती, हें गणित तिला रोज नव्यानें सोडवावें लागे. कागदावर तेरा वर्षांच्या मुलाची आणि साठीच्या आजीची प्रत एकच. पण भूक कांहीं एक नव्हे. अर्धवट वाढलेलीं पोरें बापाला खाऊन टाकतात, अशी एक जुनी चिनी म्हण आहे, आणि ज्या घरांत असे दोन-तीन मुलगे होते तेथें तिचा प्रत्यय रोज येई. आजी आपली भूक मेली आहे म्हणून सांगे. आई सर्वांच्या मागून जेवायला बसे. मुलींचा वांटा भावांच्या ताटांत जाई. सरकारनें प्रत्येकाच्या नांवानें स्वतंत्र माप ठरविलें होतें खरें. पण उंबरठ्याच्या आंत तें माप मायेच्या, मानाच्या आणि चालत आलेल्या रीतीच्या हातीं जाई. शिधावाटपाचा इतिहास लिहितांना या शेवटच्या वाटपाची नोंद कोठेंच सांपडत नाहीं.

बाहेर जेवण्याचीही हीच कथा. खाणावळींत भाताला, शेवयांना, वाफवलेल्या पावाला, सर्वांना कूपन लागे. त्यासाठीं पुस्तिकेवरील धान्य कमी करून त्याचीं कूपनें काढून घ्यावीं लागत. प्रत्येक प्रांताचीं कूपनें निराळीं. नानकिंगचा मनुष्य आपल्या प्रांताचीं कूपनें खिशांत भरून बीजिंगला गेला, तर खिशांत पैसे असूनही त्याला एक पाव विकत मिळत नसे. सर्व देशभर चालणारीं कूपनें वेगळीं होतीं. तीं मिळविण्यासाठीं आपल्या कारखान्याचें किंवा कचेरीचें प्रवासाचें पत्र दाखवावें लागे आणि त्यांच्या बदल्यांत धान्याबरोबर तेलाचाही थोडा वांटा सोडावा लागे. प्रवासाला कोण निघाला आहे, किती दिवसांसाठीं आणि कशासाठीं, हें सरकारला भुकेच्या वाटेनें आपोआप कळे. प्रवासावर पहारा ठेवण्यास याहून स्वस्त चौकी कोणत्याही राज्याला सांपडली नसेल.

आदरातिथ्याची रीतसुद्धां बदलली. पाहुणा दोन दिवस राहिला तर जातांना तो यजमानाच्या हातांत कूपनें ठेवी. यजमान नको म्हणे, पाहुणा आग्रह करी. शेवटीं बहुधा कूपनें घरांत राहत. यांत कोणी अपमान मानीत नसे, कारण पाहुण्यानें खाल्लेला घांस यजमानाच्या मुलाच्या वांट्यांतून गेलेला आहे, हें दोघांनाही ठाऊक असे. वसंतोत्सव, म्हणजे चिनी वर्षाचा पाडवा, जवळ आला कीं बीजिंगमध्यें दर घरामागें थोडे भुईमूग आणि थोड्या टरबुजाच्या भाजक्या बिया मिळत. मुलें त्या दाण्यांची वर्षभर वाट पाहत. ज्यांचें बालपण त्या काळांत गेलें, त्यांना त्या मूठभर दाण्यांची चव अजून आठवते, आणि पुढें पोतींच्या पोतीं मिळाल्यावरही ती चव परत आली नाहीं असें तीं माणसें सांगतात.

येथवर ऐकून आपल्यापैकीं कोणी म्हणेल, कीं यांत वाईट तें काय? देश गरीब, धान्य थोडें. तें श्रीमंतानें कोठारांत भरण्यापेक्षां सर्वांनीं मापानें खाल्लें हेंच न्याय्य नव्हे काय? हा युक्तिवाद हलका नाहीं. बीजिंगमध्यें गव्हाच्या साध्या पिठाचा भाव जिनाला साडेअठरा फेन, म्हणजे युआनच्या पंचमांशाहूनही कमी, असा वर्षानुवर्षें स्थिर होता. भाव चढले म्हणून शहरांतील मजुराची चूल विझली, असें सहसा घडत नव्हतें. क्रांतीपूर्वीं चलन रोज घसरत असतांना ज्यांनीं पिशवीभर नोटा देऊन मूठभर तांदूळ आणले होते, त्यांना या स्थैर्याची किंमत पुरेपूर कळत होती. तेव्हां पुस्तिकेंत ज्यांचें नांव होतें त्यांच्यापुरता हा हिशेब बराचसा सचोटीचा होता, हें मान्य केलेंच पाहिजे.

पण ज्यांचें नांव पुस्तिकेंत नव्हतें त्यांचें काय? तीं माणसें थोडींथोडकीं नव्हतीं. देशांतील पांचांपैकीं चार माणसें खेड्यांत राहत, आणि खेडुताला धान्यपुस्तिका नव्हती. त्यानें आपलें धान्य स्वतः पिकवावें, ठरलेला भाग ठरलेल्या भावानें सरकारला द्यावा आणि उरेल त्यांत भागवावें, अशी अपेक्षा होती. १९५८ सालच्या जानेवारींत कुटुंबनोंदणीचा कायदा झाला आणि शहरी व ग्रामीण अशा दोन जाती जणूं कायद्यानेंच निर्माण झाल्या. या नोंदणीला हुकौ म्हणतात. खेड्यांतील माणूस परवानगीवांचून शहरांत राहावयास गेला, तर त्याला तेथें धान्य मिळण्याचा मार्गच नव्हता. मुलाची नोंदणी आईच्या नोंदणीप्रमाणें होई. म्हणून शहरांतील कामगारानें खेड्यांतील मुलीशीं लग्न केलें, तर त्यांचीं मुलें जन्मतःच ग्रामीण ठरत. बापाच्या शहरांत त्यांच्या नांवाचा एक दाणाही नसे. किती लग्नें या एका नियमानें मोडलीं आणि किती नवराबायको वर्षानुवर्षें दोन ठिकाणीं राहिलीं, याची कल्पनाच केलेली बरी. मुलगी पाहतांना मुलाकडचे लोक तिच्या रूपागुणांआधीं तिच्या नोंदणीची चौकशी करूं लागले.

या भेदाची खरी किंमत पुढच्या तीन वर्षांत कळली. १९५८ सालीं ‘मोठ्या झेपे’ची घोषणा झाली. शेतें आणि चुली दोन्ही सामुदायिक झाल्या. घरोघरच्या कढया वितळविण्यासाठीं गेल्या आणि माणसें सार्वजनिक भोजनशाळांत जेवूं लागलीं. खालचे अधिकारी वरच्यांना खूष करण्यासाठीं पिकाचे फुगविलेले आंकडे कळवूं लागले. त्या वर्षीं साडेसदतीस कोटी टन धान्य झाल्याचें जाहीर झालें. प्रत्यक्षांत तें सुमारें वीस कोटी टन होतें. १९५९ सालीं पीक सतरा कोटी टनांवर आणि १९६० सालीं साडेचौदा कोटींच्याही खालीं आलें. परंतु सरकारी खरेदी खोट्या आंकड्यांवर बेतलेली होती. १९५९ सालीं सुमारें पावणेसात कोटी टन, म्हणजे पिकाचा जवळजवळ चाळीस टक्के भाग, खेड्यांतून उचलला गेला. जे देऊं शकत नव्हते ते धान्य लपवितात असा आरोप आला, आणि घरांच्या झडत्या झाल्या. त्याच वर्षीं चाळीस लाख टनांहून अधिक धान्य परदेशीं विकलें गेलें.

शहरांतील लोकांनींही त्या काळांत हाल काढले. १९६० सालीं त्यांचे वांटे कमी करण्यांत आले आणि भोपळे, भाजीपाला व धान्याला पर्याय म्हणून मिळेल तें खाण्याचा उपदेश सुरू झाला. तांदूळ दोनदां वाफवून फुगविण्याची कृति मोठ्या उत्साहानें प्रसृत झाली. भांडें भरलेलें दिसे, पण तासाभरांत पोट पुन्हां रिकामें. पाण्याच्या टाक्यांतून एक जातीचें हिरवें शेवाळ वाढवून तें अन्नांत मिसळण्याचे प्रयोग झाले. अनेकांच्या पायांवर सूज चढली. बोट दाबलें तर खळगा तसाच राही. अशा रोग्यांना औषध म्हणून थोडे सोयाबीन मिळत. भूक हाच रोग असल्यामुळें अन्न हेंच औषध, हें डॉक्टरांना वेगळें सांगावें लागलें नाहीं.

तरीही शहरांत थोडें कां होईना, पुस्तिकेवर कांहीं तरी मिळत होतें. खेड्यांत भोजनशाळेची कढई रिकामी झाली कीं दुसरें दार नव्हतें. घरांत कढई नाहीं, कोठारांत दाणा नाहीं, आणि गांव सोडून जावें तर शहरांत धान्य नाहीं; अनेक ठिकाणीं तर गांव सोडून जाणाऱ्यांना वाटेंतच अडविण्यांत आलें. या तीन वर्षांत किती माणसें मेलीं याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत आहेत. पुष्कळ अभ्यासक तीन कोटींच्या आसपासचा आंकडा धरतात. मृतांत बहुसंख्य शेतकरी होते. ज्यांनीं धान्य पिकविलें तेच धान्यावांचून मेले. चेन युन यांच्या कावडीचें शेतकऱ्याकडील टोक असें पेटलें; आणि स्फोट मात्र फारसा कोणाला ऐकूं आला नाहीं, कारण उपासमारीचा मनुष्य आवाज करीत नाहीं.

१९६१ सालीं सरकारनें मागें वळून पाहिलें. परदेशांतून, मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलियांतून, गहूं येऊं लागला आणि त्या एका वर्षांत आयात सुमारें अठ्ठावन्न लाख टनांवर गेली. भोजनशाळा बंद झाल्या. शहरांचा बोजा हलका करण्यासाठीं १९६१ ते १९६३ या काळांत सुमारें दोन कोटी माणसांना शहरांतून खेड्यांत परत पाठविण्यांत आलें. यांतील प्रत्येकाची पुस्तिका रद्द झाली. पुढें १९६८ नंतर शहरांतील शिकलेलीं लाखों मुलेंमुली खेड्यांत धाडलीं गेलीं, तेव्हांही आयांचें दुःख दुहेरी होतें. मुलगा दूर जातो हें एक. आणि त्याचें नांव घरच्या पुस्तिकेंतून कमी होतें हें दुसरें. तो परत आला, तरी आतां तो पाहुणा होता आणि त्याच्या जेवणाची तरतूद इतरांच्या वांट्यांतून करावी लागे.

कायदा जितका कडक, तितक्या त्याच्या फटीही माणसें शोधून काढतात. कूपनांची खरेदीविक्री हा गुन्हा होता. पण खेड्यांतील बाया अंड्यांच्या टोपल्या घेऊन शहराच्या गल्ल्यांत येत आणि अंड्यांच्या बदल्यांत धान्याचीं कूपनें नेत. शहरांतील घरांत म्हातारींमाणसें कमी खात; त्यांचीं उरलेलीं कूपनें अशीं उपयोगीं पडत. पुढें भांडींकुंडीं आणि प्लॅस्टिकचीं घमेलीं विकणारेही कूपनें घेऊं लागले. कूपनावर राज्याचा शिक्का होता, आणि व्यवहार मात्र राज्याच्या पाठीमागें चालला होता. जे चलन पोटाला थेट बांधलेलें असतें त्यावर लोकांचा विश्वास पैशापेक्षां लवकर बसतो.

शेवट आला तो शेतांतून. १९७८ च्या अखेरीस आन्हुई प्रांतांतील शियाओगांग या लहानशा गांवीं अठरा शेतकऱ्यांनीं गुप्तपणें आपसांत जमीन वांटून घेतली. सरकारचा भाग देऊन उरलेलें पीक ज्याचें त्यानें ठेवावें असें त्यांनीं ठरविलें, आणि त्या कागदावर अंगठे उमटविले. पकडले गेलों तर एकमेकांचीं मुलें सांभाळावयाचीं, हेंही ठरलें होतें. पुढें हीच पद्धति सरकारनें देशभर मान्य केली. १९८४ सालीं चीनचें धान्य चाळीस कोटी टनांवर गेलें. तत्पूर्वींच, १९८३ च्या अखेरीस, कापडाचीं कूपनें गेलीं होतीं. १९८४ सालींच शेन्झेन शहरानें धान्याचीं कूपनें बंद केलीं आणि १९९३ सालीं बीजिंगसह देशभर तीं इतिहासजमा झालीं. कोणी दुंदुभि वाजविल्या नाहींत. एका सकाळीं दुकानदारानें कूपन मागितलें नाहीं, इतकेंच. पुष्कळ वृद्धांनीं उरलेलीं कूपनें फेंकलीं नाहींत. न जाणों, पुन्हां लागतील, या भीतीनें तीं पेटींत जपून ठेविलीं. आतां हौशी लोक तीं वहींत चिकटवितात.

या साऱ्या कथेंतून आपण काय घ्यावें? टंचाईच्या वेळीं समान वांटप करणें हा कोणत्याही राज्याचा धर्म आहे, यांत शंका नाहीं. परंतु कोणत्याही शिधावाटपाचा न्याय रांगेंत उभ्या असलेल्या माणसांकडे पाहून ठरवितां येत नाहीं. रांगेंत उभें राहण्याचा हक्क कोणाला आहे, कोणाला नाहीं, आणि रांगेच्या टोकाला जें धान्य मिळतें तें कोणाच्या खळ्यांतून कोणत्या भावानें आलें आहे, हें विचारल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं. चीनच्या शहरांत माप काटेकोर होतें. पण त्या मापाची किंमत मापाबाहेरच्या माणसांनीं दिली. अर्ध्या लिआंगाच्या त्या कूपनाच्या एका बाजूला पंचवीस ग्रॅम पीठ लिहिलेलें आहे. दुसरी बाजू वाचावयाची, तर तें कूपन ज्याच्या हातांत कधींच पडलें नाहीं, त्या खेडुताच्या दारापर्यंत जावें लागतें.